पंचनाम्यात नसलेली राख

सव्वीस जानेवारीला आठ दिवस उरले होते आणि माझ्या आजोबांच्या नावाच्या पाटीला एका बाईने हरकत घेतली. फोनवर एवढंच ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

फोन अमितचा होता. पांढुर्ण्याच्या पुलावरून सावरगावात शिरणारा रस्ता नुकताच नवा झाला, त्याला आजोबांचं नाव देणाऱ्या समितीचा हा अध्यक्ष. वय बत्तीस, बोलणं मात्र मुरलेल्या पुढाऱ्याचं. "काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला. "वच्छलाबाई म्हनून एक बाई हाय, आंगनवाडीतून रिटायर झालेली. पाटी नेमकी तिच्या दारापुढं येते. तिनं लिहून देल्लं, का ह्या मानसाचं नाव माह्या दारापुढं नाई पायजे. आम्ही समजावून राहिलो तिले."

"तुम्ही राहू द्या," मी म्हणालो. "मीच येतो."

मी रवींद्र कोरडे. पस्तीस वर्षं पोलिसात काढली, एएसआय म्हणून निवृत्त झालो, सौंसरला घर बांधलं. नोकरी संपली, राग काही निवृत्त झाला नाही. आणि हा राग तर घरातल्या देवाला कुणी नाव ठेवल्याचा होता. आमच्या घरात रघुनाथराव जमादार म्हणजे देवच. त्यांच्यामुळे मी खाकी घातली.

त्यांची गोष्ट मी दुधाच्या दातांपासून ऐकलेली. सन एकोणीसशे बत्तीस. पांढुर्ण्यात कापसाच्या जिनिंगचा धडाका होता आणि गाव दोन टोळ्यांनी वाटून घेतलं होतं. नदीच्या अलीकडच्या काठावर बापू पैलवानाची टोळी, पलीकडे सावरगावची. कापसाच्या बैलबंड्या अडवायच्या, मापाड्यांना धमकवायचं, कुणी तोंड उघडलं तर त्याचे हातपाय मोडायचे. आणि वर्षभराचं वैर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात काढायचं, गोटमारीत. दोन्ही काठांवरून दगड चालत असताना कुणाचा दगड कुणाला लागला हे कोण सांगणार? त्या दिवशी मेलेल्याची तक्रार होत नसे. खेळात गेला, म्हणायचं आणि तिरडी बांधायची.

त्या वर्षी शिवराम नावाचा मापाडी मेला. तो टोळ्यांविरुद्ध कोर्टात बोलणार होता. गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या वळणावर त्याचं प्रेत सापडलं. सगळं गाव म्हणालं, खेळात गेला. एकटे आमचे आजोबा म्हणाले, हा खून आहे. अकरा दिवसांत त्यांनी सावरगावच्या गोविंदाला पकडलं, त्याला फाशी झाली आणि टोळ्यांचा कणा मोडला. ही ती गोष्ट. अमितच्या समितीने पाटीवर 'टोळ्यांचा कर्दनकाळ' असं लिहून घेतलं होतं.

वच्छलाबाई त्या गोविंदाची नात. म्हणजे खुन्याच्या नातीने जमादाराच्या नावाला हरकत घ्यायची. मी भिंतीवरची पंचनाम्याची नक्कल काढली. वडिलांनी ती कोर्टातून मिळवून फ्रेम करून लावली होती. फ्रेम पिशवीत घातली आणि पांढुर्ण्याची बस पकडली.

वच्छलाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पासष्टीची, हाडकुळी, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मला पाहून उठली नाही.

"बसा," ती म्हणाली. "तुमीच नातू ना? फ्लेक्सवर जमादाराचा फोटो लावला त्याइनं. नाक तेच हाय."

मी बसलो नाही. ठाण्यात उभा राहायचो तसा उभा राहिलो. "बाई, सरकारी कामात अडथळा आणला तर काय होतं, माहीत आहे का?"

"हो जी. आमच्यात फाशी होते."

मी आवाज चढवून म्हणालो, "माझ्या आजोबांनी पुराव्यानं माणूस पकडला होता. हा घ्या पंचनामा."

तिने हात पदराला पुसले, चष्मा चढवला आणि फ्रेम मांडीवर घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. घाई नाही, गडबड नाही. मग फ्रेम परत दिली.

"यात राख नाई," ती म्हणाली.

"कसली राख?"

"शिवरामाच्या डोक्यात भरली होती ते. मुडदं पह्यले माह्या आज्यानंच पाह्यलं. सकाळी शेतात जाऊन राहिला होता. तोच गेला ठान्यात सांगाले. घरी येऊन आजीले सांगतलं, का डोकं मागून फुटलं हाय अन् जखमेत चंडीमातेची राख भरली हाय, चांगली दाबून. आजी मरेपर्यंत तेवढंच म्हने, कागदात राख पाहा. मंग माही आई म्हने. आता मी म्हनून राहिली. तुमच्या घरी जमादाराचा कोनता कागद असंन, त्यात राख सापडली तर मले येऊन सांगा. नसंन सापडत तर पाटी दुसरीकडं लावा."

"गावगप्पा आहेत या," मी म्हणालो आणि फाटक आपटून बाहेर पडलो.

पण बस बोरगावच्या फाट्याजवळ आली तोवर माझ्यातला पोलीस जागा झाला होता. खोटं कसं बोलतात ते मी पस्तीस वर्षं ऐकलंय. आरोपीचे नातेवाईक म्हणतात, तो तिथं नव्हताच, तो जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेला होता, तो तापाने फणफणला होता. जखमेत राख होती, असं कुणी रचून सांगत नाही. त्याने आरोपी सुटतही नाही. मग तीन पिढ्यांनी ती राख कशाला धरून ठेवली? गोटमारीत जखमी झालेल्याला देवीची राख लावतात, हे इथे सगळ्यांना ठाऊक. राख लावून माणूस परत पात्रात उतरतो. पण मेलेल्याच्या जखमेत कोण भरेल?

आमच्या घरी आजोबांच्या तीन रोजनिशा होत्या. लाल कापडात बांधलेल्या. दरवर्षी दसऱ्याला त्यांची लाठी, पट्ट्याचं पितळी बक्कल आणि हे गाठोडं पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आपट्याची पानं ठेवायची आणि परत कपाटात. आजीच्या काळापासून हेच. गाठोडं सोडायचं नाही, पूजेतली वस्तू. शेकडो लोकांच्या घरांत शिरून मी त्यांच्या पेट्या उपसल्या, पत्रं वाचली, गाद्या फाडल्या. माझ्या घरातलं एक गाठोडं त्रेसष्ट वर्षांत सोडलं नाही. याची लाज मला त्या दिवसापर्यंत वाटली नव्हती, हे आणखी वाईट.

दुपारी जेवण बाजूला ठेवून मी गाठ सोडली. सुधा, माझी बायको, शाळेत मराठी शिकवायची. ती शेजारी येऊन बसली. "अहो, आधी हात तरी धुवा," म्हणाली. मी धुतले.

दुसऱ्या रोजनिशीत बत्तीस साल होतं. अक्षर वळणदार, कुठे खाडाखोड नाही.

"शिवराम मापाडी, वय सुमारे तीस. नदीच्या वळणावर पालथा. डोक्यास मागून जखम. जखमेत देवीची राख, अंगठ्याने दाबून भरलेली. खबर देणार गोविंदा, राहणार सावरगाव. त्यासच पंच केले."

मी ओळीवर बोट ठेवलं. राख होती.

दुसऱ्या दिवसाची नोंद त्याखालीच होती. "हा खेळातला दगड नव्हे. खेळणारा समोर तोंड करून असतो, दगड मागे लागत नाही. मारणारा जवळ होता. त्याने मारले आणि जखम भरली. अलीकडच्या काठावर या साली राख भरण्याचा मान बापू पैलवानाचा. दिवसभर त्याने शेसव्वाशे डोकी भरली. आज त्यास राखेविषयी विचारले. हसला. म्हणाला, काय करू जमादार, हाताला सवय."

मी उठून उभाच राहिलो. काय तपास होता तो. ना प्रयोगशाळा, ना फोन, ना कॅमेरा. दोन दिवसांत माणसाने खुन्याच्या ओसरीवर जाऊन त्याच्या तोंडून वदवून घेतलं होतं. देवीची राख पिढ्यान् पिढ्या जखमेत भरणाऱ्या गावातच असली चूक होऊ शकते. माणूस मारायचा आणि सवयीने त्याच्या जखमेत राख भरायची. ती चूक माझ्या आजोबांनी पकडली होती. अभिमानाने मी ती नोंद पुन्हा मोठ्याने वाचली.

"पुढचं पान वाचा," सुधा म्हणाली. तिने ते आधीच वाचलं होतं.

"साहेबांची तंबी. पैलवान वजनदार आसामी, त्यास हात लावणे नाही. मयत सरकारी साक्षीदार, सबब आठवड्यात आरोपी पाहिजे."

मग तीन दिवस कोरे. मग, "गोविंदास धरले. साक्षीदार दोन दिले."

'मिळाले' नाही. 'दिले'. ठाण्यात काम केलेल्या माणसाला या एका शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही, पढवून उभे केलेले. मीही आयुष्यात दोनदा साक्षीदार 'दिले' आहेत. छोट्या गुन्ह्यांत, पण दिले आहेत.

"पहिला पंचनामा फाडला. राख वगळून नवा लिहिला. पंच नवे घेतले. गोविंदा फार रडला. म्हणतो, मीच तर सांगावयास आलो."

त्या पानात एक घडी घातलेला कागद होता. फाडलेला पहिला पंचनामा. फाडला पण जाळला नाही. आत राखेची पूर्ण ओळ होती आणि खाली पंच क्रमांक एक, गोविंदा, राहणार सावरगाव, निशाणी डावा अंगठा. खबर देणाऱ्याला, प्रेताजवळ पंच म्हणून उभं राहिलेल्याला यांनी आरोपी केलं होतं. का, तर तो गरीब होता, कुठल्याच टोळीत नव्हता, आणि हाताशी होता.

पुढे बढतीचा हुकूम. आणि सात महिन्यांनंतरची एक नोंद. "आज नागपुरी गोविंदाचे झाले. घरी थोरल्याचे बारसे. पेढे वाटले."

थोरला म्हणजे माझे वडील.

मी रोजनिशी जमिनीवर आपटली. आजोबा भित्रे होते म्हणून चीड आली का? नाही. सगळं समजून, सगळं लिहून, नीट वळणदार अक्षरात लिहून, तो माणूस पेढे वाटत होता. आणि मग चाळीस वर्षं ओट्यावर बसून आम्हाला गोष्ट सांगत होता. गोष्टीत राख कधीच नव्हती.

सुधाने रोजनिशी उचलली. "सदतीस दसरे मी याला हळदकुंकू वाहिलं," ती म्हणाली. "मला कुणीतरी सांगायचं होतं."

"मला तरी कुणी सांगितलं?"

"तुम्ही पोलीस होता ना? विचारायचं होतं."

संध्याकाळच्या चहाला अमितला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, नव्वदच्या वर वर्स झाले. कोन वाचते ते आता? पाटी पेंट झाली, मंडपवाल्याले सांगतलं, पाहुने येऊन राहिले. असं करू, पाटी दहा हात पुढं सरकवू. बाईबी खुश, तुमीबी खुश."

दहा हात. एका माणसाला फासावर चढवलं त्याची भरपाई दहा हात. मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण शेवटी पाटीचा कार्यक्रम ठेवा, एवढं सांगितलं. मी येतो, भाषण करतो. तो खुश झाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा सावरगावात गेलो. या वेळी फाटक हळू उघडलं. वच्छलाबाईच्या समोर बसून एकेक नोंद वाचली. शेंगा सोलणारे तिचे हात 'हाताला सवय' या शब्दांपाशी थांबले. बारशाची ओळ मी गाळणार होतो. गाळली नाही.

ती रोजनिशीच्या पुठ्ठ्याकडे बोट करून म्हणाली, "हे कुंकू कोनाचं?"

"आमचं. दसऱ्याला पूजा करतो आम्ही याची."

"म्हंजे घरातच होतं. माही आजी कागदात राख पाहा, राख पाहा म्हनत मेली अन् तुमी थ्याले कुंकू लावून राहिले होते." तिने सुपातल्या शेंगा बाजूला लोटल्या. "माही आई चार महिने नांदली. फाशीवाल्याची पोरगी म्हनून धाडून देल्ली परत, पोटात मी. थ्या जमादाराचे पोरं शिकले, नोकरीले लागले. मी आंगनवाडीत लागली तवा पह्यल्या दिवशी एका बाईनं लेकरू उचलून नेलं. का, तर खुन्याच्या नातीच्या हातचं नाई खाऊ देत."

मी म्हणालो, "वच्छलाबाई, मी माफी..."

"माफी नका मागू. तुमी तं नव्हते तवा. अन् ज्यानं मागाची होती, थ्यानं पेढे खाल्ले." ती उठली, हात धुऊन आली आणि मग म्हणाली, "थो फाडलेला कागद दाखवा."

मी दिला. राखेची ओळ तिने दोनदा वाचली. मग खालचा अंगठा पाहिला. शाई तपकिरी पडली होती, पण रेषा मोजता येतील इतक्या साफ होत्या. गोविंदाचा फोटो नव्हता, समाधी नव्हती. मुडदाही घरच्यांना मिळाला नव्हता.

"हा थ्याचा?"

"हो. पंच क्रमांक एक."

तिने कागदाला हात लावला नाही. "लोकाइपुढं वाचा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं. मी वाचलं तर म्हनतीन, बाई खोटं बोलून राहिली."

सव्वीस जानेवारीला सकाळी दहाला झेंडावंदन झालं आणि लोक रस्त्याच्या तोंडाशी जमले. तीनशेच्या आसपास असतील. पाटीवर भगवं कापड होतं. अमितने शाल आणली, मी घेतली नाही. वच्छलाबाई आपल्या दारात उभी होती, साडी इस्त्रीची. बंदोबस्ताला मानसी नावाची एक आरक्षक, म्हणजे पोलीस शिपाई, होती. नवीनच लागलेली, मला सर म्हणायची.

मी माइक हातात घेतला. "मी जमादार रघुनाथराव कोरडे यांचा नातू," म्हणालो, टाळ्या पडल्या. "त्यांच्याच हातचं वाचतो." पुन्हा टाळ्या. राखेच्या ओळीपर्यंत लोक कौतुकाने ऐकत होते. 'साक्षीदार दोन दिले' आलं तेव्हा कुजबुज सुरू झाली. 'पंचनामा फाडला' म्हणालो आणि माइक बंद पडला. अमितने वायर ओढली होती, मी पाहिलं.

माझ्या आवाजावर परेड चालायची. मी माइकशिवाय वाचत राहिलो. "बसा खाली," कुणीतरी ओरडलं. "गावाचं नाव खराब करून राहिला हा," दुसरा म्हणाला. मी बारशाची ओळ वाचली. "हे माझे आजोबा," मी म्हणालो. "त्यांनी टोळी मोडली नाही. टोळीचं काम केलं. गोविंदा निर्दोष होता आणि..."

दगड डाव्या भुवईवर लागला. समोरून आला, जवळून. डोळ्यात रक्त उतरलं आणि मी खुर्चीवर बसलो.

भर उन्हात तीनशे लोकांसमोर दगड आला आणि कुणी पाहिला नाही. मी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. सगळे आपापल्या चपला बघत होते. माझा इतका संताप कधी झाला नव्हता.

पुढच्या रांगेतला एक म्हातारा लगबगीने आला. त्याने सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "देवीची राख हाय, भाऊ," तो मायेने म्हणाला. "लावतो, आत्ता बंद होते." त्याने चिमूट घेतली, आणि मी, नुकतीच राखेची गोष्ट वाचणारा मी, सवयीने मान खाली घातली.

त्याचा हात माझ्या कपाळापर्यंत आला नाही. वच्छलाबाईने त्याचं मनगट धरलं होतं.

"राख मंग," ती म्हणाली. "पह्यले लिहून घ्या."

म्हातारा गोंधळला. मानसी पुढे आली, वही उघडली, अमितकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाली, "सर, पाय घसरून पडले असं लिहू का?"

"नाही," मी म्हणालो. "दगड लिही. जखम डाव्या भुवईवर, समोरून. फेकणारा अज्ञात, हजर माणसं तीनशे. आणि जखमेत राख भरलेली नाही, हेही लिही."

ती लिहू लागली. लिहून झाल्यावर तिने मान वर केली आणि मोठ्याने विचारलं, "पंच कोण राहणार?"

मागचे लोक निघायला लागले होते. पाटीवरचं कापड तसंच होतं, ते ओढायची कुणाला आठवण राहिली नव्हती.

"मी हावो," वच्छलाबाई म्हणाली.

मानसीने पेन पुढे केलं. बाईने ते घेतलं नाही. समितीच्या टेबलावर पावत्यांसाठी शाईचा पॅड होता, तो तिने ओढून उघडला.

"आजी, तुम्हाला तर सही येते ना?" मानसीने विचारलं.

"येते," वच्छलाबाई म्हणाली. "अंगठा घे."

मानसीने पंच क्रमांक एकपुढे तिचं नाव लिहिलं, राहणार सावरगाव लिहिलं आणि अंगठ्यापुरती जागा सोडली.